फळ्या सोडल्याची खरी जागा

९ मार्च

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिना नको म्हणतो, आणि आई म्हणते, गुडघ्याचं ऐकलं तर तो डोक्यावर बसेल. मांजरीने माझ्या टोपीत पिल्लं घातली आहेत, त्यामुळे मी सध्या बोडकाच फिरतो.

तुझा अहवाल शब्दकोश मांडीवर घेऊन दोनदा वाचला. बाटली पाण्यावर डोकं काढते म्हणून वारा तिला ढकलतो, चप्पल चपटी पडते म्हणून ती प्रवाहामागे जाते. जन्मभर होडी चालवली, पण समुद्रातल्या कचऱ्यालाही स्वभाव असतो हे लेकीकडून कळलं.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझं गणितच कुठंतरी माती खातंय. फळ्या दक्षिणेला जायला हव्या होत्या, तर चाळीसातल्या एकतीस आपल्याच किनाऱ्यावर सापडल्या. आता वाऱ्याचा आकडा बदलते." मी नुसतं 'हं' म्हणालो आणि फोन आईकडे दिला. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

मोठे, आकडा बदलू नकोस. कचरा कुठे वाहतो ते बघायला तू नंबर घालून दिलेल्या त्या नारिंगी फळ्या दीपस्तंभापलीकडे सोडायच्या होत्या. मी तिथवर गेलोच नाही. खाडीच्या तोंडाशी तरंगणारा तांबडा बोया मला दिसेना. दिसला तेव्हा होडीला घासत होता. फळ्या तिथंच सोडल्या आणि वहीत तू सांगितलेली जागा लिहिली. म्हटलं, पाणी सगळं एकच, जातील वाहत. भरती-ओहोटीवर पोट भरलेल्या माणसाने असं म्हणावं? कुंपणानेच शेत खाल्लं.

उजव्या डोळ्याला वर्षभर धूसर दिसतंय. बोललो असतो तर तू होडी बंद केली असतीस. तुझ्या कामाला मी अजून उपयोगी पडतो, एवढंच मला हवं होतं गं.

आज सकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला कधीच कळलंय. मागे चहात मीठ घालून प्यायलात आणि वर छान झालाय म्हणालात." डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली. होडीची किल्ली या पाकिटात आहे, तुझ्याकडे ठेव.

तुझ्या साहेबांना सरळ सांग, चूक बापाची आहे. आणि नोंद दुरुस्त कर: तांबड्या बोयाच्या आत, सकाळी सात चाळीस, भरती चढत असताना. नोंदीखाली सही लागते ना, ती ही घे.

फळ्या सोडणारा,
तुझा बाबा