खाकरायला मनाई

ती. रा. रा. गणपतराव दाजी, मु. गगनबावडा, यांच्या सेवेशी धाकटा मेहुणा जोतीराम याचा कोल्हापूरहून शिरसाष्टांग नमस्कार.

आधी हिशेब सांगतो. घशाच्या डॉक्टरांची फी आठशे, नाकातून नळी घालून घशाचा सिनेमा दाखवल्याचे अडीच हजार. पण खरी किंमत निराळीच पडली. माझं खाकरणं गेलं. ते पुढं येईलच. तुमच्याकडं पाऊस उघडला का? गुडघा काय म्हणतो? अक्काची तब्येत तिलाच विचारली असती, पण गेल्या जत्रेपासून ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुमच्यामार्फत विचारतो.

जत्रेचं तुम्हाला आठवतच असेल. अक्कानं पहाटेपासून चुलीपुढं बसून मटण केलं, पहिलं ताट भावाला वाढलं आणि भावानं दोन घासांत ताट बाजूला सारलं. (तेही पाहुण्यांदेखत. यापेक्षा बहिणीच्या घरावर दगड मारलेला परवडला.) भाकरी घशात पाचरीसारखी बसली होती, आणि तसं सांगायला तोंड उघडलं तर आवाजाऐवजी नुसती हवा निघाली. अक्का सगळ्या भावकीत म्हणाली, "गॅरेजवाला झालाय न्हवं, त्याला आता बहिणीचं मटण कशाला गोड लागंल?" यावर मला उत्तर होतं, आवाज नव्हता. तेव्हापासून बहीण तुटली म्हणून जीव खाली-वर होतो.

दुखणं तसं जुनं. सायनसनं नाक कायम चोंदलेलं. (आमच्याकडं त्यावर औषध एकच, तांबडा रस्सा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मग "मोकळं झालं की!" म्हणायचं आणि दुसरी वाटी मागायची.) डॉक्टर म्हणाले, नाकातलं पुढं न येता मागच्या मागं घशात उतरतंय, त्यानं स्वरयंत्र सुजलंय, म्हणून आवाज बसतो आणि घास अडकल्यासारखा वाटतो. मी म्हणालो, म्हणजे ऑइल गळती. ते म्हणाले, तसंच समजा. मग मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं, नाकात मारायचा फवारा दिला आणि वर दम भरला, की ओरडायचं नाही आणि खाकरायचं तर बिलकूल नाही, त्यानं सूज वाढते.

आता दाजी, माझा कान तुम्हाला ठाऊक आहे. ट्रक वळणावर असतानाच त्याचं काय दुखतंय ते मी सांगतो. गॅरेज या कानावर उभं राहिलं, शाळेवर नाही. घरातसुद्धा माझ्या कानाआड एक शब्द बोलला जात नाही, हे मी चारचौघांत सांगत आलोय. पण बाप्या माणसानं दारात खाकरून आत यायचं, सुनेला सावरायला वेळ द्यायचा, ही आपली रीत. ती बंद पडल्यामुळं परवा दुपारी मी मांजरासारखा सोप्यात पोचलो. आत बायको, आमची शालू, फोनवर, स्पीकर लावलेला. पलीकडचं इंजिन ओळखायला वेळ लागला नाही. अक्का!

"गिळतोय का गं आता?"

"खिमटावर हाईत, वन्सं. पर ऐट तीच."

"यंदा जत्रंला त्याला मऊ भात आन् मटणाचं अळणी पाणी करीन. पर सांगू नगंस. रोज फोन करतोय आपण, हे कळलं तर छाती फुगंल त्याची. घाबरू दे अजून जरा."

तेवढ्यात आमची सून वर्षाराणी हसत म्हणाली, "जपून बोला आत्ती, अण्णांचं खाकरणं बंद झालंय. आता ते आल्यालं कळत न्हाय."

मी तसाच, पाय न वाजवता, गॅरेजवर परत गेलो. त्या दिवशी दोन गाड्यांचं निदान चुकलं. तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं का, ते मी विचारत नाही.

आपला,
जोतीराम

ता. क. मी ऐकलंय हे अक्काला कळू देऊ नका, तिला हौसेनं रागावू दे. फक्त जत्रेचं बोलावणं यंदा लवकर धाडा. मऊ भाताला माझी ना नाही. अळणीत चार मऊ फोडी चुकून पडल्या तर त्यालाही नाही.

दुसरा ता. क. वर्षाराणीनं काल मला न मागता कोल्हापुरी चपलांचा जोड आणून दिला. सासऱ्यावर एवढी माया हल्ली कुठं बघायला मिळते? जोड अस्सल आहे, करकर अशी की कोपऱ्यावरून घरात ऐकू जाते. तो घातल्यापासून माझ्या कानावर घरातलं काहीही आलेलं नाही.