न पाहिलेली सभा

अंबड, १५ फेब्रुवारी १९५८

प्रिय मुकुंद,

शरयूवहिनींनी पाठवलेलं लोणचं पोचलं. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे. आज ते लिहवत नाही.

कुंभार पिंपळगावच्या गायरानाची सभा तुला आठवत असेल. सभा मंगळवारी संध्याकाळी, आणि आपल्या साप्ताहिकाची पानं दुपारीच छपाईला जाणार. मग नेहमीचा रिवाज. शाळेत जाण्याआधी मी बातमी लिहिली आणि सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ जालन्याला तुझ्याकडे धाडली. कार्यक्रमपत्रिका समोर होती. हारतुरे, भाषणं, आभार. तेवढ्या भांडवलावर चार वर्षांत आपण किती सभा उरकल्या! ‘सभा शांततेत पार पडली’ हे तर माझा हात आपोआप लिहितो. बातमी गेलीच होती, म्हणून मी सभेला गेलो नाही. घरी चहा पीत बसलो.

त्या सभेत रायभान नावाचा मेंढपाळ उभा राहिला. गायरान कुणी नांगरलं, एवढंच त्यानं विचारलं. सभा भरवणाऱ्या काकासाहेबांच्या माणसांनी त्याला मंडपामागे नेऊन त्याचा हात मोडला. त्यानं फिर्याद केली, तर काकासाहेबांच्या वकिलानं कोर्टात आपला अंक पुढे केला. वर्तमानपत्रात शांतता छापली आहे, म्हणजे फिर्यादी खोटा. ते पाहून त्याचे साक्षीदारही गप्प झाले.

परवा रायभान माझ्या ओसरीवर येऊन बसला. हात गळ्यात अडकवलेला. त्यानं बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाला, “मास्तर, तुम्ही तर आल्तेच न्हाई. मंग ही शांतता पाह्यली कुणी?” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो, तो बराच वेळ बाहेर आलो नाही. माझी मलाच किळस आली, मुकुंद.

गुरुवारी माझी साक्ष आहे. बातमी सभेआधीच लिहिली होती, हे मी शपथेवर सांगणार. काकासाहेब शाळेच्या कमिटीवर आहेत, तेव्हा नोकरीचं जे व्हायचं ते होईल. पण पुढचा सवाल येणारच, की संपादकाला हे माहीत होतं का. हा रिवाज मला तूच शिकवलास, छापखान्यात, हसत हसत. तेही मी सांगणार आहे. भर कोर्टात तुझं नाव घेण्याआधी तुला ते माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितो आहे. आणि आपला अंक बुधवारी निघतो, साक्षीच्या एक दिवस आधी. त्या शांततेबद्दल त्यात काय छापायचं, ते तू ठरव.

तुझाच, अजून म्हणवून घेणार असशील तर,
केशव