न टाइप केलेली प्रत

घोलवड,
११ जानेवारी २०१७

प्रिय जिग्नेशदादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. थंडी चांगली पडलीय, चिकू भरपूर उतरतोय. आत्याचा गुडघा दुखतो, पण वाडीत जाणं काही सोडत नाही. तुझीच आई ती, कोणाचं ऐकणार? तू फोन उचलत नाहीस. देवजीचा ट्रक उद्या वापीला जातोय, त्याच्या हाती हे पत्र देते.

आपण दोघांनी केलेला मेलचा प्रोग्राम अजून चालतो. बागायतदारांच्या ऑफिसात नेट रडतखडत येतं, मेलचं पान उघडता उघडत नाही, पण आपली एक ओळ टाइप केली की दिल्लीच्या व्यापाऱ्यांना भाव जातो. त्या ओळीवरून आपण किती भांडलो होतो! तुला प्रत्येक ऑप्शनला, म्हणजे ओळीतल्या प्रत्येक सूचनेला, एकच अक्षर हवं होतं, लहान अक्षराचा अर्थ वेगळा, मोठ्याचा वेगळा. म्हणे जगभर असंच असतं. मी म्हटलं, जग गेलं उडत, टाइप करणार आहेत ऑफिसातल्या हिराबाई. आणि हिराबाईंचं कॅप्स लॉक कायम चालू. "बटणांवर मोठीच अक्षरं छापलीत, मग मी बारकी कुठून आणू?" तू हसून हार मानलीस. मग डॅश आणि पुढे सरळ आपले शब्द ठरले: कोणाला, विषय, प्रत, पाठव. 'पाठव' लिहिलं नाही तर मेल नुसता दिसेल, जाणार नाही. आणि माझा सगळ्यांत मोठा हट्ट, जे टाइप केलं नाही ते घडता कामा नये. त्यावर तू मला टाळी दिली होतीस.

दिवाळीपासून दिल्लीवाले नाही म्हणू लागले. आमचा भाव गेला रे गेला, की दुसरा कोणी त्याहून कमी सांगतो. भरलेले खोके स्टेशनवरून परत आले. चिकू काय थांबतो? मऊ पडला, गुरांना घातला.

सोमवारी हिराबाईंनी मेल पाठवला आणि उलट एक मेल आला: अमक्या पत्त्याची पेटी भरलीय, पोचवता आलं नाही. हिराबाई म्हणाल्या, "निलम, या माणसाला मी कधी लिवलं?" मला वाटलं, त्यांचं बोट चुकलं असेल. ओळ पाहिली तर बरोबर होती. पत्ता तुझ्या वापीच्या शेठच्या ऑफिसचा होता.

मग मी तुझा भाग उघडला. "तो किचकट आहे, तू हात घालू नकोस" म्हणाला होतास तो. किचकट कसला! 'प्रत' हा शब्द लिहिला नसेल तर गुपचूप एक प्रत शेठला. एवढंच. शेठ चिकूचाच व्यापारी, त्याला आणखी काय हवं? नोकरी देताना त्याने हेच मागितलं होतं का? माझ्याच शब्दाआड तू ते लपवलंस, दादा. मला इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय.

ती प्रत मी काढून टाकली आणि काल बैठकीत सांगितलं, आपले भाव बाहेर जात होते. अध्यक्ष सुनिलभाऊ उठले. "प्रोग्राम कोणी केला? हिनेच ना?" मी तुझं नाव घेणारच होते. पण समोर आत्या बसली होती. परत आलेल्या खोक्यांत तिचेही होते, ते तरी तुला माहीत होतं का? मी नाव न घेताच खाली बसले, आणि लोकांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. ऑफिसची किल्ली काढून घेतली. हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी पुन्हा बैठक आहे. तू येऊन स्वतः सांग. नाही आलास तर मी सांगणार, आत्या समोर असली तरी.

हे शेवटी लिहितेय, कारण लिहवत नव्हतं. काल संध्याकाळी आत्या घरी आली. सगळ्या गावातून एकटी तीच आली. डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तू असं करणार नाहीस, मला ठाऊक हाय. कुणीतरी तुला फसवलंय. जिग्नेशला बोलाव, पोरी. तो बरोबर शोधून काढेल."

रविवारपर्यंत तुझी बहीण,
निलम