माझ्यामुळे बंद पडलेली फोडणी

बोरीवली (पूर्व)
एप्रिल, भर दुपार, पंखा पाचवर

आदरणीय कुंडलिकदादास,

तुझी धाकटी बहीण चंपा हिचा सप्रेम जय भीम. वहिनीला जय भीम, तिच्या गुडघ्याची वेगळी चौकशी. मी मजेत आहे. पत्र एवढ्यासाठी लिहिते, की फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकले ते आज पहिल्यांदा कामाला आलं बघ.

मंगळवारी तू म्हणालास, आपल्या संघमित्राच्या लग्नापर्यंत एचआयव्हीच्या गोळ्या बंद ठेव, म्हणजे अंगावरचं पुरळ जाईल, कोणी काही विचारणार नाही आणि चैतन्यच्या घरच्यांना कळून पोरीचं लग्न मोडणार नाही. ऐक आता. बंद करणार नाही. अकरा वर्षं झाली, नवरा गेला, खोली बदलली, करोना येऊन गेला, पण माझी गोळी रोज ठरल्या वेळेला पोटात. (तू बिडी सोडतो म्हणालास त्याला चौदा वर्षं झाली. सहज आठवलं.)

आता हे पुरळ आलं कसं ते सांगते, म्हणजे डॉक्टर होण्याची तुझी हौस फिटेल. मार्चात, या गोळ्या मिळतात त्या सरकारी सेंटरवर मला एक गोळी वाढवून दिली. त्याच आठवड्यात गच्चीवर माझं पापड-कुरडयांचं वाळवण सुरू झालं. यंदा ऑर्डरी झकास आहेत, दोन गुजराती बायकांनी तर नुसत्या कुरडयाच दहा किलो सांगितल्यात (खातात कशाबरोबर कोण जाणे). चार दिवस मी उन्हात उभी. पाचव्या दिवशी दोन्ही हात, मान आणि पाठ लालभडक, नुसती खाज. आणि कसं, तर जिथे ऊन लागलं तिथेच! पाठीवर ब्लाउजचा गळा असा उमटला होता, की शिंप्याला वेगळं माप द्यायला नको.

पहिलं बघितलं ते शेजारच्या शेवंतीने. ती सातारकडची, स्वभावाने सोनं, तोंडाने भोंगा. जिन्यातूनच ओरडली, चंपाताईला देवी आल्या! मी म्हटलं, अगं बाई, आम्ही बौद्ध, आमच्यात देवी येत नाहीत. तर म्हणते, त्या काय जात विचारून येतात होय? झालं. माझ्या दाराला कडुलिंबाचे डहाळे, उंबऱ्यात दहीभात, आणि घरात देवी असताना फोडणी द्यायची नाही हा त्यांच्याकडचा नियम तिने अख्ख्या मजल्याला लावला. सहा घरं! दोन दिवस कोणाच्या कढईत मोहरी तडतडली नाही. समोरचे देवदत्तकाका बिनफोडणीची डाळ खाऊन रडकुंडीला आले आणि दाराबाहेरून मला हात जोडून म्हणाले, आई, आता निघा. मला म्हणाले की देवीला, ते मी विचारलं नाही.

तोवर मी सेंटरवर जाऊन आले होते. डॉक्टरांनी विचारलं, ताप आहे का, तोंडात फोड आहेत का, डोळे लाल झालेत का. यातलं काही असतं तर तडक दवाखान्यात यायचं होतं. नव्हतं. मग म्हणाले, ही नवी गोळी घेताना काहींना ऊन सोसत नाही. लावायला मलम दिलं. तिथल्या सपना मॅडमनी लांब बाह्या घाल, छत्री घे, दुपारी गच्चीवर जायचं नाही असं दहा वेळा बजावलं, आणि आपल्या मनाने गोळी सोडायची नाही असं वीस वेळा. तर दादा, बंद करायचं ते ऊन. गोळी नाही.

आता वाळवण घालणार कोण? आणि त्या सहा घरांनी बिनफोडणीचं किती दिवस खायचं? मला खोटं सांभाळायचा कंटाळा येतो, तुला माहीत आहे. शेवंतीला घरात घेतलं, दार लावलं आणि सांगून टाकलं. देवी नाहीत गं, गोळी आणि ऊन. कसली गोळी? एचआयव्हीची. ती शेवंती, जी झोपेतसुद्धा बोलते, तिने उठून आधी दाराची कडी नीट लागलीय का ते बघितलं. मग हळूच म्हणाली, म्हणजे फोडणी दिली तर चालेल ना?

दादा, मी इतकी हसले, इतकी हसले, की खाजवायचं विसरले. त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर सहा घरांत एकदम फोडण्या पडल्या, खोकून सगळे हैराण. आता गच्चीवर शेवंती पापड पसरते, मी सावलीत बसून तिच्या चुका काढते. काम दुप्पट होतंय.

तर मी लग्नाला येणार, गोळ्यांसकट. लांब बाह्यांचा ब्लाउज शिवलाय, मोरपंखी. माझ्यासाठी काही बदलू नकोस.

तुझी बहीण,
चंपा

ता. क. १ : लग्न साडेबाराला उघड्या मैदानात ठेवलंयस, ते संध्याकाळी पाचला कर.

ता. क. २ : म्हणजे केलंच आहे. चैतन्यच्या आईला, सोनूबाईंना, मी काल फोन केला. कारणासकट सगळं सांगितलं. (खाली बस. पाणी पी.) त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तासाभराने त्यांचाच आला. म्हणाल्या, आमच्याकडे गेल्या वर्षी भर उन्हात लग्न लावून तीन माणसं आडवी झाली, पाचच बरे. आणि तुमची गोळीची वेळ सांगा, त्याआधी पहिल्या पंगतीला बसवते.

ता. क. ३ : हे आम्हाला सांगायचं बळ तुम्हाला कोणी दिलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाने. तोच म्हणाला, सोयरिकीत लपवाछपवी नको. त्यांना तुझं फार कौतुक वाटलं. आता तसा वाग. शुक्रवारी सकाळच्या गाडीने मेहकर स्टँडवर उतरते. घ्यायला पोरांना पाठवू नकोस, तू ये.