समोरचं ताट

६ रमजान

ती. आपास, धाकट्याचा सलाम वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण अंगठा सुजलाय. परवा दुकानात सोफ्याला कापड ठोकताना डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम फुटला आणि हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली. समोरच्या औषधवाल्याने धावत येऊन बोट टोचलं. साखर सत्तरच्या खाली गेली होती. त्याने बळेबळे साखरपाणी पाजलं आणि रोजा मोडला. इन्सुलिन घेणाऱ्या नि अशी साखर उतरणाऱ्या माणसाने यंदा रोजे धरूच नयेत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मी हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजा धरला.

तू रागावणार, ठाऊक आहे. पण तुझी भावजय गेल्यापासून मी गॅसजवळ उभ्याउभ्याच जेवतो. या एका महिन्यात संध्याकाळी मशिदीत रांगेत बसतो, शेजारचा कोणीतरी माझ्यापुढे ताटली सरकवतो. रोजाच नसेल तर कुठल्या तोंडाने तिथे बसू?

मुलांना कळवू नकोस. लोभ आहेच, तो असा राग आल्यावरही राहू दे.

तुझा,
छोट्या (वय वर्षे साठ)


१० रमजान

चि. छोट्यास, आपाच्या खूप दुआ आणि त्याहून जास्त शिव्या.

मान डोलवायची आणि करायचं मनाचंच, ही तुझी खोड जुनीच. आजाऱ्याला सूट खुद्द अल्लाहने दिलीय. ती नाकारणारा तू कोण टिकोजीराव? इथल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, जिवाला धोका असताना रोजा धरणं हा हट्ट झाला. तुझा आजार काही जाणारा नाही, तेव्हा सुटलेल्या प्रत्येक रोज्यासाठी एका गरजवंताला जेवू घालायचं. त्यालाच फिदया म्हणतात.

पण मशिदीच्या पेटीत पैसे टाकून मोकळा होऊ नकोस. माणूस घरी बोलाव. मीच आले असते, पण गुडघे जिना उतरू देत नाहीत. सून कामावर गेली की मीही दिवसभर भिंतींशीच बोलते रे.

सुईचा डोस डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय हलवू नकोस. दुपारी जेवून घे आणि मग हवा तेवढा रुसून बस.

तुझी,
आपा


२८ रमजान

ती. आपास, सलाम वि. वि.

तुझ्या शिव्या लागू पडल्या. पत्र मिळालं त्या दिवसापासून एकही रोजा धरला नाही, आणि साखरही ताळ्यावर आहे.

आपले सोफे पोचवणारा हातगाडीवाला गोदामाच्या जिन्याखाली एकटाच राहतो. त्याला बोलावलं. पहिल्या दिवशी दाराशीच अंग चोरून बसला. रोजा सोडायला खजूर तेवढा तोंडात टाकला, पण मी बसेपर्यंत ताटाला हात लावेना. शेवटी बसलो समोर. आपा, ती गेल्यापासून या घरात मी पहिल्यांदाच खाली बसून जेवलो. त्याने पाणी पुढे केलं. आता तो चांगलाच सरावलाय. मीठ जास्त पडलं की माझी बिनपाण्याने करतो.

काल ताट धुताना त्याने विचारलं की आता तुमचे फेडायचे रोजे संपत आले ना. मी सांगून टाकलं की गेल्या वर्षीचेही सगळे राहिलेत, ते फेडायला ईदनंतरही यावं लागेल. तो बरं म्हणाला.

गेल्या वर्षी माझा एकही रोजा सुटला नव्हता. मौलानांना यातलं काही विचारू नकोस.

तुझा,
छोट्या