भट्टी कोणाची, लोणी कोणाचे

मी, या गल्लीतल्या बेकरीची मालकीण, विधवा, वय अडुसष्ट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझ्या मुलाला आणि धाकट्या बहिणीला तसा दाखला कोणी देईल, असे आज तरी वाटत नाही.

मला फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि तो बराच पुढे गेलेला आहे. त्यावर इम्युनोथेरपी चालू आहे, म्हणजे शरीराच्या डुलक्या काढणाऱ्या पहारेकऱ्यांना उठवणारे औषध मी सलाइनमधून घेते. हे मुलाने लावून धरले. बहिणीने त्याच्या जोडीला कीटो आहार सुरू केला: लोणी, अंडी, चीज, पालेभाजी, आणि साखर व पीठ बंद. जन्मभर पीठ मळलेल्या बाईला पीठ बंद, यावर मी काय बोलणार?

कलम पहिले. बेकरी, भट्टी, वरच्या खोल्या आणि बँकेतली ठेव, हे सर्व माझ्या नातीला द्यावे. ती सज्ञान आहे, तिला भट्टी सांभाळता येते, आणि सध्या बापाशी व मावशीआजीशी, दोघांशीही बोलणारी या घरात ती एकटीच आहे. मुलाला आणि बहिणीला यातले काहीही देत नाही. का, ते शेवटी लिहिते. तोवर दोघांनी तोंडे पाडून बसावे, माझी हरकत नाही.

कलम दुसरे. पावाच्या आंबवणाची बरणी नातीची, पण त्या बरणीला रोज पीठ घालण्याचे काम मुलाचे. "या घरात अजून पीठ खाते ती एवढीच," असे बहीण एकदा बरणीकडे बघून म्हणाली होती. तेव्हा आम्ही तिघेही हसलो होतो, हे मुद्दाम नोंदवते.

कलम तिसरे, पिठाच्या धुळीबाबत. बहिणीचे म्हणणे असे, की बेकरीत उडणारे पीठ नाकातून आत जाते आणि पथ्य मोडते. म्हणून मला माझ्याच बेकरीत उतरायची बंदी झाली. मी वरच्या खोलीत बसून वासावरून ओळखायचे आणि पाव झाला की काठीने जमीन ठोकायचे. चव बघायची वेळ आली की नात तुकडा वर आणायची, मी चावायचे आणि बहीण वाटी धरून समोर उभी राहायची. "ताई, थुंक आता." इतक्या मायेने मला कोणीच कधी थुंकायला सांगितले नव्हते. ती वाटी कोणाला नको असेल तर टाकून द्यावी.

कलम चौथे. समोरच्या घरातले निवृत्त खजिनदार इतकी वर्षे प्रत्येक पाव अंगठ्याने दाबून बघतात आणि मग दुसराच नेतात. बहिणीने माझ्यासाठी बदामाचे कूट आणि अंडी घालून पाव केला होता. तो चुकून दुकानाच्या फळीवर गेला आणि मुलाने तो यांना विकला. त्या पावात अंगठा काही शिरला नाही. खजिनदार परत आले आणि म्हणाले, "बाई, ही वीट कोणत्या भिंतीची?" मी गेल्यावर त्यांना एक ताजा पाव मोफत द्यावा. देण्याआधी नातीने तो चारी बाजूंनी नीट दाबावा.

कलम पाचवे. मागच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध लागू पडतंय असं दिसतंय. आहाराची मदत होते का, ते अजून नक्की सांगता येत नाही, अभ्यास चालू आहेत. वजन मात्र घटू देऊ नका." मुलाने 'नक्की सांगता येत नाही' एवढेच ऐकले. बहिणीने 'अभ्यास चालू आहेत' एवढेच ऐकले. आणि वजन घटलेच. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात, मी चाकाच्या खुर्चीत बसलेली असताना, माझ्या डोक्यावरून बोलणे झाले.

"मावशी, तू आईला उपाशी मारतेयस."

"आणि तुला तर तिला पिठातच लोळवायचंय."

"म्हणजे गाठ तुझ्या लोण्यानं गेली?"

"माझ्या लोण्यावरच ती तुझ्या सुया सोसतेय."

त्याच दिवशी बहीण वजनाचा काटा काखेत मारून आपल्या घरी गेली. तेव्हापासून अबोला आहे.

उद्या पुन्हा स्कॅन आहे. मला मरणाची भीती वाटते, खोटे कशाला लिहू? पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. मी गेल्यावर हा म्हणेल पथ्यामुळे गेली, ती म्हणेल पथ्य मोडल्यामुळे गेली, आणि एकटे असताना दोघेही म्हणतील, माझ्यामुळे गेली. ते मला सहन होणार नाही. म्हणून लेखी देते: मी गेले तर आजाराने गेले. लोणी, औषध, मुलगा व बहीण यांपैकी कोणावरही ठपका ठेवू नये. बरी झाले तर श्रेय मी घेईन, कारण सुया मला टोचल्या आणि लोणी मी गिळले. पथ्य पुढे चालवायचे की नाही, ते डॉक्टरीणबाईंना विचारून मी ठरवीन.

आता साक्षीदारांचे. वकीलबाई म्हणाल्या की दोन साक्षीदार लागतात, दोघांनी एकाच वेळी एकाच खोलीत हजर असावे लागते, आणि साक्षीदाराला वाटा मिळत नाही. हे ऐकले आणि माझे ठरले. पीठवाला आणि पोस्टमन सही करायला आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवले. या कागदावर मुलाने आणि बहिणीनेच सही करावी. न केल्यास माझे जुने मृत्युपत्र लागू होईल. त्यात बेकरी मुलाची आहे आणि मागची खोली बहिणीची. म्हणजे न येण्यात दोघांचाही फायदा आहे. तरीही यावे, एवढेच मागते. नात कोणालाही घराबाहेर काढणार नाही, तिला मी ओळखते.

स्थळ: बेकरीवरची खोली.
दिनांक: स्कॅनच्या आदला दिवस.
सही: मालकीण

वरील बाईंनी आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: मुलगा

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. घाईत चष्मा घरीच राहिला. सही कुठे करायची ते भाच्याने बोट ठेवून दाखवले.