पुनरुक्तीचा पीळ

बेजा, ४ मे

चि. बेया हिला मुन्सिफमामाचे आशीर्वाद, मागितले नसलेस तरी.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईच्या शेतातल्या काळ्या कुसळाच्या गव्हावर तू प्रबंध लिहिलास. आता परीक्षक गर्मादी सर म्हणतात, त्याच्या प्रथिनात तोच तुकडा इतक्यांदा येणं अशक्य. तुकडे जुळवताना संगणकानं एकच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवत नेला असणार. पुनरुक्ती गाळ, नाहीतर पदवी विसर. आणि तू मुकाट गाळायला निघालीस!

अगं, मी जन्मभर पोरांना अरबी छंद शिकवतोय. छंद म्हणजे तोच गण पुन्हा पुन्हा. ऐकणाऱ्याला कंटाळा आला म्हणून गण कापले, तर चरण लंगडतो. प्रथिनं लंगडतात का, ते मला ठाऊक नाही; मी कणकेला हात लावला की तुझी आई मला स्वयंपाकघरातून हाकलते. पण प्रबंधातून गाळण्याआधी प्रथिनातून गाळून बघ, काय होतं ते.

आईनं तुझ्या तोंडी परीक्षेच्या सभेनंतर वाटायला मखारक आधीच सांगून ठेवलेत. मधात बुडवलेली मिठाई हलवाई परत घेत नाही.

लोभ आहे; वाढवायचा की नाही, ते निकालानंतर पाहू.

मुन्सिफमामा

ट्युनिस, २१ जून

ती. मामांना बेयाचे अनेक सलाम.

तुमचं म्हणणं शब्दशः पाळलं. प्रयोगशाळेतल्या जंतूंकडून ते प्रथिन दोन तऱ्हांनी बनवून घेतलं: एक अख्खं, एक पुनरुक्ती कापलेलं. दाण्यातून काढलेलं मूळ प्रथिन मोजलं, तर ते अख्ख्याइतकंच लांब निघालं. म्हणजे संगणक निर्दोष. मग दोन्ही कमजोर पिठात वेगवेगळी मिसळून गोळे मळले. तोच तुकडा ओळीनं आला की प्रथिनाच्या साखळीला स्प्रिंगसारखे वेढे पडतात; त्यामुळेच कणीक ताणली तरी मागे येते.

सभेत सर चष्मा पुसत म्हणाले, आलेख काय, सगळेच दाखवतात. मी दोन्ही गोळे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी बाह्या सरसावल्या. कापलेल्या प्रथिनाचा गोळा ओढताच तुटून त्यांच्या टायवर पडला. दुसरा ओढत ओढत ते टेबलाच्या टोकापर्यंत गेले. कणीक पातळ झाली, तुटली नाही, आणि सोडताच आखडली. सरांनी टायवरची कणीक खरवडली. मग म्हणाले, “पोरी, यातलं एक अक्षर गाळू नकोस.”

सर्वोत्तम शेऱ्यासह पदवी मिळाली. निकाल पुरता वाचून व्हायच्या आत आईनं जीभ नाचवत असा आनंदाचा गजर केला, की शेजारच्या वर्गातली परीक्षा थांबली.

आता तरी लोभ वाढवावा.

बेया

बेजा, २८ जून

डॉ. बेयाबाईंना मामाचे आशीर्वाद, आता जरा भीतभीतच.

तुझ्या आईनं ती कणीक ताणल्याची गोष्ट गावभर ताणली. ज्या गव्हाला इथले पाव भाजणारे भटारी कोंबड्यांचा दाणा म्हणायचे, त्याच्या बियाण्यासाठी ते सकाळपासून आमच्या दारात बसलेत आणि तुझ्या आईला मावशी म्हणतायत. गर्मादी सरांचंही पत्र आलं. बी न्यायला स्वतः येतो म्हणतात. मी नम्रपणे कळवलंय, अवश्य यावं, पण रांग लांब आहे, आणि क्रम मावशी ठरवतात.

लोभ वाढवला आहे, जपून वापर.

मुन्सिफमामा